नऊ पायांचे कागद

कालव्यावरचा तिसरा पूल आला तेव्हा निम्मी वाट सरली होती, आणि माझ्या दिराने तोवर अवाक्षर काढलं नव्हतं. पुढचा रस्ता उकरून ठेवलेला, म्हणून बसने आम्हाला फाट्यावरच उतरवलं होतं. तिथून शिंपीणबाईचं घर सात किलोमीटर. त्याच्या खांद्याला प्लास्टरच्या पट्ट्यांची पिशवी, काखेत कोऱ्या कागदांची गुंडाळी. माझ्याकडे मापाची फीत, पेन्सिली आणि पाण्याची बाटली. मी चालता चालता मनात नाम घेत होते. एरवी नाम घेतलं की पावलं हलकी पडतात. त्या दिवशी नाम एकीकडे आणि पावलं एकीकडे, असं चाललं होतं.

पुलाच्या कठड्याला मी टेकले आणि म्हटलं, "अरे, निदान दोन घोट पाणी तरी पी."

"वहिनी, ती काय म्हणेल?"

"म्हणेल काय म्हणायचं ते. शिंपीण आहे ती, सरकारी वकील नाही."

एरवी तो हसला असता. त्या दिवशी त्याने बाटली घेतली, झाकण उघडलं आणि न पिताच परत लावलं.

आम्ही दोघं कोण ते आधी सांगते. कृत्रिम पाय बनवणारा एक लहानसा कारखाना आहे, तिथे आम्ही कामाला आहोत. मी पाय मांडीला धरून ठेवणारे चामड्याचे पट्टे शिवते. तो नोंदी ठेवतो. चार महिन्यांपूर्वी कारखान्याने ह्या शिंपीणबाईला नवा पाय पाठवला, तो तिला लागला, आणि गुडघ्याखाली मोठी जखम झाली. दोष पाय घडवणाऱ्या काकांच्या माथी मारला गेला, आणि त्यांना घरी बसवलं. खरी चूक काकांची नव्हती, माझ्या दिराची होती. हे ठाऊक असलेली माणसं जगात दोनच, तो आणि मी. आणि ते आम्हाला कळून त्या दिवशी तीन आठवडे होत आले होते.

मी लग्न होऊन घरात आले तेव्हा हा दीर पाचवीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर प्रत्येक डब्यावर वहीच्या कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. मीठ, साखर, चहा. एका डब्यावर 'रिकामा'. मला वाटलं, नव्या वहिनीची थट्टा चालली आहे. तर तसं नव्हतं. मला डबे सापडावेत म्हणून पठ्ठ्याने शाळेतून आल्यावर बसून हे केलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "हा एक दिवस माझ्या कपाळावरही चिठ्ठी लावेल, 'आई' म्हणून. न जाणो, कोणी विसरलं तर."

अभ्यासात मात्र तो यथातथाच. पुस्तक वाचण्यापेक्षा पुस्तकाला कव्हर घालणं, पानांवर आकडे टाकणं, वह्या उंचीप्रमाणे लावणं ह्यातच त्याचा वेळ जायचा. बारावी दुसऱ्या खेपेला पास झाला. निकालाच्या दिवशी माझे यजमान त्याच्यावर चिडले, तेव्हा मीच मधे पडले. तेव्हापासून ती सवयच लागली म्हणा. त्याला कोणी काही बोललं की माझं तोंड आधी उघडायचं. त्याचं लग्न जमलं नाही, दोनदा मोडलं, तेव्हाही मुलीकडच्यांशी भांडायला मीच पुढे. तो आपला बाजूला उभा राहून कोणाच्या चपला कुठे आहेत ते बघत बसायचा.

बाविसाव्या वर्षी तो कारखान्यात लागला. कारखाना म्हणजे काय, पुढे माप घेण्याची खोली, तिथे धरून चालायला दोन लांब दांडे. मागे प्लास्टरची खोली, आणि अंगणात पत्र्याची शेड, तिथे पाय घासायचं चाक. शेडच्या खिडकीपाशी माझं टेबल. सगळ्याचे कर्तेधर्ते होते मिस्त्री. हा कारखाना त्यांनीच उभा केला होता. कोणी माप द्यायला आलं की मिस्त्री मोठ्या कागदावर त्या माणसाच्या उरलेल्या पायाची बाह्यरेषा काढायचे, दर दोन बोटांवर घेर लिहायचे, आणि मग हाताने चाचपत चाचपत पेन्सिलीने फुल्या मारायचे. फुली म्हणजे इथे हाड वर आलं आहे, इथे दाब द्यायचा नाही. हे त्यांना एका दिवसात कळत नसे. पाय दिल्यावर माणूस परत यायचा, कुठे दुखतं ते सांगायचा, की आणखी एक फुली. काही कागदांवर वीस वीस वर्षांच्या फुल्या होत्या. पाय झिजतो, मोडतो, नवा करावा लागतो. ओळखीच्या माणसाला दर वेळी यावं लागू नये म्हणून नवा पाय त्या कागदावरूनच व्हायचा.

मिस्त्रींचा एक रिवाज होता. माणसाचं नाव कागदाच्या पाठीमागे लिहायचं, पुढे कधीच नाही. ते म्हणायचे, नाव आधी वाचलं की कारागीर माणसाचा विचार करायला लागतो, पायाकडे नीट बघत नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या काकांनीही तोच रिवाज पुढे चालवला. कागदाच्या पुढच्या बाजूला फक्त पाय असायचा. कोणाचा, ते उलटवल्याशिवाय कळायचं नाही.

मिस्त्री गेले त्याच वर्षी कागदांच्या कपाटाला वाळवी लागली, आणि कारखान्याला कोणीतरी एक कॉम्प्युटर दिला. माझ्या दिराला दोन्ही गोष्टी एकदम दिसल्या. त्याने जुन्या बाजारातून विटेएवढं जाड इंग्रजी पुस्तक आणलं, शेजारी शब्दकोश ठेवला, आणि रोज जेवणाच्या सुट्टीत दोन दोन पानं करत तक्ते ठेवण्याचा प्रोग्राम शिकला. कोणाकडे शिकवणी नाही, काही नाही. मला त्याचं केवढं कौतुक वाटायचं. माझं शिक्षण आमच्या शाळेतलं, मराठीतलं. पडद्यावरचं इंग्रजी बघितलं की माझे डोळे आपोआप खिडकीकडे वळतात.

सुरुवातीला स्कॅन केलेल्या कागदाला नाव माणसंच द्यायची. ज्याला जे सुचेल ते. 'नवीन', 'नवीन दोन', 'बघा', 'साहेबांना दाखवलेला'. एका फाइलचं नाव होतं 'हाच खरा'. त्याच्याच खाली दुसरी, 'नाही, हा'. ती दुसरी माझीच करणी होती, हे मी कबूल करते. त्याने कपाळाला हात लावला आणि ठरवलं की ह्यापुढे फाइलच्या नावाला माणसाचा हात लागू द्यायचा नाही.

मग त्याने एक फॉर्म बनवला. त्यात माणसाचं नाव, वय, पाय डावा की उजवा, एवढं भरलं की खालच्या करड्या चौकटीत फाइलचं नाव आपसूक उमटायचं. 'माप' आणि पुढे आकडा. त्या चौकटीत कोणाला काही लिहिता येत नसे. तेच नाव तक्त्यात साठवलं जायचं, आणि स्कॅनरमध्ये कागद सरकवला की त्याचं चित्र त्याच नावाने फोल्डरमध्ये जाऊन बसायचं. पुढे कधीही त्या माणसाची नोंद काढून बटण दाबा, कागद पडद्यावर हजर. पहिल्या दिवशी त्याने मला बोलावून दाखवलं. चौकटीत नाव उमटलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता की जणू देवाने कौल दिला.

चारशे बारा माणसांचे कागद त्याने एकट्याने चढवले. कपाटात वरचे गठ्ठे नवे होते, ते आधी. सगळ्यात जुने, मिस्त्रींच्या पहिल्या माणसांचे, तळाशी होते, ते सगळ्यात शेवटी. मग वाळवी लागलेले मूळ कागद त्याने सुतळीने बांधून लगद्याच्या कारखान्याला देऊन टाकले. मिस्त्रींनंतर कारखाना सांभाळणाऱ्या साहेबांनी विचारलं होतं, देऊ ना नक्की? तो म्हणाला, बिनधास्त द्या.

आता चूक कुठे झाली ते त्याने मला माझ्या भाषेत समजावलं, तसंच सांगते. यंत्र नवा आकडा कसा काढायचं? तक्त्यात आत्ता माणसं किती ते मोजायचं आणि त्यात एक मिळवायचं. चारशे बारा असतील तर पुढचा चारशे तेरा. माणसं वाढतच जातील तोवर ह्यात काही खोट नाही. पण कारखान्यातून सगळ्यांना दर वर्षी पत्र जातं, पाय तपासून घ्यायला या म्हणून. तसं एक पत्र गेलेल्या माणसाच्या घरी पोचलं, आणि त्याचा मुलगा कारखान्यात येऊन रडला. साहेब म्हणाले, जी माणसं गेली त्यांच्या नोंदी काढून टाका. दिराने चौकशी करून नऊ जणांच्या नोंदी काढल्या. काढताना प्रत्येकाला त्याने मनात नमस्कार केला होता, हे त्याने मला नंतर सांगितलं.

नऊ गेले, उरले चारशे तीन. त्यानंतर जो नवा माणूस आला त्याला यंत्राने दिला चारशे चार. आणि चारशे चार ह्या नावाचा कागद तर फोल्डरमध्ये आधीपासून होता, मिस्त्रींच्या हातचा. नवा कागद त्याच्यावर जाऊन बसला, जुना पुसला गेला. असे नऊ नवे आले, नऊ जुने गेले. त्यानंतर आकडे आपोआप मोकळ्या जागेत पडले आणि सगळं सुरळीत दिसायला लागलं.

मी विचारलं, असं वर बसवताना यंत्र काही बोलत नाही? तर म्हणाला, बोलतं. 'ह्या नावाची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का?' असं विचारतं. पण वाकडे आलेले कागद पुन्हा स्कॅन करताना ते दर वेळी विचारून भंडावून सोडायचं, म्हणून त्याने स्वतःच तो प्रश्न बंद करून टाकला होता. दर शनिवारी तो सगळ्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवायचा, पण तीही जुन्या प्रतीवरच. तिथेही तेच झालं.

शिंपीणबाईचा कागद त्या पुसल्या गेलेल्या नऊ जुन्यांतला. तिच्या जागी बसला होता एका माळीबुवांचा. तिची नोंद काढून बटण दाबलं की माळ्याचा पाय पडद्यावर यायचा, आणि पुढे नाव नसल्यामुळे कोणाला काही कळायचं नाही.

कळलं नाही असंही नाही. तिच्या नव्या पायाचं काम निघालं तेव्हा काका छापलेला कागद घेऊन माझ्या टेबलापाशी उजेडात आले होते. बराच वेळ बघत उभे राहिले आणि दिराला म्हणाले, "मास्तर, ह्या फुल्या मिस्त्रींच्या वाटत नाहीत बाबा. माझ्याच हातच्या वाटतात."

कारखान्यात सगळे त्याला चिठ्ठीमास्तर म्हणतात. तो हसून म्हणाला, "काका, नाव मशीन देतं. तिथे माणसाचा हातच लागत नाही, तर चूक होईलच कशी? चष्मा बदला."

काकाही हसले. म्हणाले, असेल, मिस्त्रींनी तेव्हा हा कागद माझ्याकडून करून घेतला असेल. आणि पाय घडवला. मी पट्टे शिवले. पार्सलने तो पाय गेला. बाईला सैल झाला, टोचायला लागला. पण नवा पाय अंगवळणी पडायला वेळ लागतो, पंधरा दिवस दम धरा, असं मिस्त्री सगळ्यांना सांगायचे, म्हणून तिने दम धरला. तीन तीन मोजे चढवून धरला. जखम हाडापर्यंत गेल्यावर ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, ही भरली नाही तर गुडघ्याच्या वरून कापावं लागेल. गुडघा असणं आणि नसणं ह्यात केवढं अंतर आहे ते आमच्याकडे काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही.

तिचा अर्ज आला तेव्हा साहेबांनी काकांना बोलावलं. म्हणाले, इतकी वर्षं ह्याच कागदावरून केलेला पाय तिला बसत होता, आता बसला नाही, म्हणजे चूक घडवण्यात आहे. काकांनी एकदा म्हणून बघितलं की कागदात काहीतरी वेगळं आहे. साहेबांनी पडद्याकडे बोट केलं.  मग काकांनी एप्रन काढला, त्याची नीट घडी घातली, चाकाच्या बाजूला ठेवली आणि ते गेले. चौकशी होईपर्यंत घरी बसा, असा हुकूम होता. चौकशी कसली, कोणी पुन्हा विचारलंसुद्धा नाही.

त्याच दुपारी माळीबुवा आपल्या पायाचा पट्टा बदलायला आले. दिराने त्यांची नोंद काढली, बटण दाबलं, आणि तोच कागद समोर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला हे सांगितलं तेव्हा मी चामडं कापत होते. हातातली सुरी मी खाली ठेवली. आणि पहिलं वाक्य माझ्या तोंडून काय निघालं, तर "कोणाला बोललास का?" मी त्याला म्हटलं, आत्ता गप्प राहा. आधी नऊ जणांची मापं पुन्हा घेऊ, कागद जागच्या जागी लावू, मग मी साहेबांशी गोडीने बोलते, काकाही परत येतील, आणि तुझ्यावर काही येणार नाही. त्या संध्याकाळी देवापुढे हात जोडून मी मागितलं काय, तर हे झाकलेलं राहू दे. असं मागणं देवापुढे ठेवताना लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

मग आम्ही सुट्टीच्या दिवशी आणि कामावरून सुटल्यावर घरोघर हिंडलो. बायकांचं माप घ्यायला मी, पुरुषांचं घ्यायला तो. दारात उभं राहून सांगायचं, जुनी मापं ताजी करतोय. लोक भले, चहा विचारायचे. पण घेर मोजता येतात, फुल्या कुठून आणणार? एक निवृत्त पोस्टमन होते. आम्ही विचारत होतो, इथे दुखतं का, इथे? ते म्हणाले, "मिस्त्री विचारत नसत हो. बोट ठेवायचे आणि म्हणायचे, इथे." त्यांनी ते सहज म्हटलं. बाहेर आल्यावर माझा दीर त्यांच्या फाटकाची कडी कितीतरी वेळ लावत उभा राहिला.

आठ घरं झाली. नववं शिंपीणबाईचं. ते त्याने मुद्दामच शेवटी ठेवलं होतं.

त्या पुलावर, न प्यालेली बाटली हातात धरून, तो मला म्हणाला की काल काका भेटले होते. लोखंडाच्या दुकानापाशी. त्याला वाटलं, काका तोंड फिरवतील, निदान टोमणा मारतील. तर काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणाले, मास्तर, तुझं खरं होतं. माझाच डोळा गेला असणार. मिस्त्रींचा हात मला ओळखता येईनासा झाला, म्हणजे आता चाकाला हात लावूच नये मी." एवढं सांगून तो थांबला. "वहिनी, मी चष्मा बदला म्हटलं होतं ना. त्यांनी खरंच बदलला. नवा होता डोळ्यावर."

 खाली कालव्याचं पाणी जवळजवळ थांबल्यासारखं वाहत होतं. मी म्हटलं, बरं, आज एवढं माप होऊ दे, मग बघू. तो उठला आणि म्हणाला, "आज तिला खरं सांगणार आहे." उरलेली सगळी वाट मी त्याला समजावत चालले. तिला सांगून तिची जखम भरणार आहे का? तुझी नोकरी गेली तर? तुझं वय काय, शिक्षण काय? तो हूं नाही की चूं नाही. शेवटी माझाच घसा सुकला आणि पाणी मीच प्याले.

शिंपीणबाईचं घर म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, मागे दुसरी. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेली कुबडी, आणि शाळेच्या गणवेशांचा कापलेला ढीग. बाई पन्नाशीची, केस करकचून बांधलेले, तोंडात टाचण्या. उजव्या पावलाने मशीन चालवत होती. डावा पाय गुडघ्याखाली पांढऱ्या पट्टीत, स्टुलावर ठेवलेला. आम्ही पाठवलेला पाय कोपऱ्यात उभा होता, आणि त्याला बॉबिनची पिशवी टांगलेली.

माझी नजर तिकडे गेलेली बघून तिने टाचण्या काढल्या. म्हणाली, "तेवढ्याच कामाचा निघाला."

जखम कशी आहे, मी विचारलं. कडेने सुकते आहे, म्हणाली, मधे अजून ओली. पंधरा दिवसांनी डॉक्टर सांगतील. कापायचं का ते.

माझा दीर बसला नाही. पिशवी खाली ठेवून, उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं. मिस्त्रींचा कागद, नऊ नोंदी, आकडा, वर बसलेला दुसरा कागद. मी त्याला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी मधेच म्हटलं, बाई, त्याने एकट्याने चारशे कागद चढवले हो, वाळवीतून वाचवले, कोणी मदत केली नाही, पुस्तक वाचून स्वतः शिकला, हेतू वाईट नव्हता.

बाईने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही ह्यांच्या कोण?"

"वहिनी."

"तरीच," ती म्हणाली.

मग ती कोपऱ्यातल्या पायाकडे वळली. "म्हणजे मी इतके दिवस कोणाचा पाय घालून बसले होते?"

"एका माळीबुवांचा," तो म्हणाला.

"उंच असतील."

"हो. बरेच."

"मला वाटायचं, माझंच मांस झडलं," ती म्हणाली. "आरशासमोर उभं राहून बघायचे."

 तिने समोरचा कपडा घडी करून बाजूला ठेवला, आणि मग तिच्या ध्यानात आलं. काकांचं. तिने विचारलं, त्यांचं काय झालं? दिराने सांगितलं, घरी बसवलंय. तिचा चेहरा उतरला. अर्ज तिने लिहिला होता, काकांचं नाव घालून, खाली स्वतःची सही करून. कोणीतरी तिला सांगितलं होतं की नाव घातल्याशिवाय अर्जाची दखल घेत नाहीत.

"तो अर्ज मला परत हवा," ती म्हणाली.

मी लगेच म्हटलं, तुम्ही दुसरा लिहून द्या ना, की गैरसमज झाला होता. तिने मान हलवली. गणवेशाच्या ढिगाखालून कापड बेतायचा कागद ओढला, मशीनवर पसरला आणि पेन्सिल माझ्या दिराच्या पुढे केली.

"मी कशाला लिहू? चूक तुमची, तर लिहा तुम्ही. इथेच लिहा, माझ्यासमोर."

तो तिच्या मशीनच्या फळीवर वाकून लिहायला लागला. अक्षर त्याचं लहानपणापासून चिठ्ठ्या लिहून लिहून मोत्यासारखं. ती स्टुलावर पाय ठेवून वाट बघत राहिली. लिहून झाल्यावर तिने कागद हातात घेतला, ओठ हलवत वाचला, आणि एका जागी बोट ठेवलं.

"'यंत्रातील दोषामुळे'. यंत्र बिघडलं होतं का?"

"नाही."

"मग?"

त्याने तिच्याकडून कागद घेतला. पेन्सिल हातात धरून थांबला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्याने ते दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'मी ठरवून दिलेल्या पद्धतीमुळे'. मग थोडा विचार करून पुढे आणखी लिहिलं की कारागिराने पाय घडवण्यापूर्वीच कागदाबद्दल शंका काढली होती, ती मी हसण्यावारी नेली. खाली सही केली. बाईने पुन्हा वाचलं आणि घडी घालून त्याच्या हातात दिलं.

त्यानंतर मी तिचं माप घेतलं. पट्टीच्या वरून, जपून. ती स्वतःच बोट ठेवून सांगत होती, इथे, इथे, इथे नको. फुल्या दिराने मारल्या. ह्या वेळी त्याने तिचं नाव कागदाच्या पुढच्या बाजूला लिहिलं, ठळक. मिस्त्रींचा रिवाज मोडताना त्याचा हात थोडा थांबला, ते मी पाहिलं. आता त्याने यंत्रातली ती मोजायची पद्धतही बदलली आहे. शेवटचा आकडा वेगळ्या जागी लिहून ठेवलेला असतो, माणूस गेला तरी त्याचा आकडा दुसऱ्याला मिळत नाही. आणि तो बंद केलेला प्रश्नही त्याने पुन्हा चालू केला. पण हे सगळं त्याने पहिल्याच आठवड्यात करून टाकलं होतं. यंत्र दुरुस्त करायला त्याला दोन तास लागले होते.

निघताना बाईने आम्हाला दारापर्यंत सोडलं नाही, सोडू शकतही नव्हती. मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. ऊन उतरणीला लागलं होतं, आणि फाट्यापर्यंत पुन्हा सात किलोमीटर. मी चालता चालता मनात जुळवणी करत होते. साहेबांचा स्वभाव मला ठाऊक आहे. आधी घरची चौकशी करायची, मग त्याच्या वीस वर्षांच्या नोकरीचा विषय काढायचा, मग काकांना परत घ्या म्हणायचं, आणि मग, जाता जाता, हा कागद पुढे सरकवायचा. आणि गप्प राहायला मीच सांगितलं होतं, हेही सांगून टाकायचं, म्हणजे निम्मा राग माझ्यावर येईल. मी त्याला ते सांगितलं. उद्या सकाळी साहेब आले की मी आधी आत जाते, म्हटलं, तू मागून ये.

तो रस्त्यातच थांबला. वरच्या खिशातून त्याने घडी केलेला कागद काढला, आहे ना ते बघितलं आणि परत ठेवला.

"वहिनी, तुम्ही उद्या या," तो म्हणाला. "माझ्या शेजारी उभ्या राहा. पण मी बोलत असताना मधे बोलू नका. माझ्या बाजूने तर अजिबात नको. आणि गप्प राहायला तुम्ही सांगितलं होतं, तेही तिथे काढू नका. ऐकलं मी होतं. एवढं एकदा ऐका माझं."